पडद्यावरची अक्षरे जातात कुठे?

घराला रंग द्यायचे ठरले की घरातली सगळी मंडळी एकदम रंगतज्ज्ञ होतात. आजोबांना पांढराशुभ्र चुना आठवतो, आईला मळखाऊ रंग हवा असतो आणि मुलांना एक भिंत निळी तर दुसरी जांभळी हवी असते. आठवडाभर वाद चालतो. संगणकाच्या पडद्याच्या रंगावरून मात्र कुठल्या घरात असा वाद झाल्याचे मी ऐकलेले नाही. तो जसा येतो तसा आपण घेतो. ज्या पडद्याकडे दिवसाचे आठ-आठ तास पाहायचे, त्याचा रंग दूरदेशीच्या कुणीतरी ठरवलेला असतो. आणि तो आपल्याला बदलता येतो हे अनेकांच्या गावीही नसते.

ज्यांच्या गावी असते त्यांची कथा निराळी. असा माणूस सेटिंगमध्ये जातो, पांढरी पार्श्वभूमी काळी करतो, काळी अक्षरे पिवळी करतो. पहिला दिवस सुखात जातो. डोळ्यांना गारवा वाटतो. दुसऱ्या दिवशी तो नेहमीचाच एखादा प्रोग्राम उघडतो, तर यादी कोरी! बटण आहे, पण त्यावर काही लिहिलेले नाही. मेनू उघडावा तर नुसती काळी पट्टी खाली येते. संगणक धडधाकट आहे, प्रोग्राम चालू आहे, अक्षरेही जिथल्या तिथे आहेत. ती दिसत नाहीत एवढेच; कारण काळ्यावर काळे लिहिले गेले आहे.

संगणक शिकवणे आणि ओळखीपाळखीच्या लोकांचे अडलेले संगणक मार्गी लावणे हे माझे बऱ्याच वर्षांचे काम. ही तक्रार माझ्याकडे वारंवार येते आणि दर वेळी ती एकाच वाक्याने सुरू होते: ‘‘मीच काहीतरी नको ते केलं वाटतं.’’ हे वाक्य ऐकले की मला वाईट वाटते. त्या माणसाने नको ते काहीही केलेले नसते. त्याने संगणकाला एक साधी गोष्ट सांगितलेली असते आणि संगणकातल्या कुणीतरी ती अर्धीच ऐकलेली असते. आजचे हे लिखाण त्या अर्धवटपणाविषयी आहे.

हिरव्या अक्षरांपासून

१९८० च्या दशकात ज्यांनी बँकेत किंवा कचेरीत संगणक पाहिला असेल, त्यांना काळ्या काचेवरची हिरवी किंवा नारिंगी अक्षरे आठवत असतील. त्या काचेच्या आत जो पदार्थ लावलेला असे त्याचा जो रंग तोच अक्षरांचा रंग. निवडीचा प्रश्नच नव्हता.

पुढे रंगीत पडदे आले आणि निवड आली. १९९२ साली आलेल्या ‘विंडोज ३.१’ मध्ये रंगसंगतींची एक तयार यादी होती. तिच्यातली एक फार गाजली. तिचे नाव ‘हॉट डॉग स्टँड’. भडक लाल आणि भडक पिवळा. अमेरिकेतल्या रस्त्यावरच्या खाद्यगाडीचे नाव तिला दिलेले होते आणि ती दिसायलाही तशीच होती. लोकांनी तिची पोटभर थट्टा केली. थट्टेच्या भरात एक गोष्ट मात्र नजरेआड झाली. खिडकीची पट्टी, बटण, मजकूर अशा प्रत्येक भागाचा रंग आता यंत्राच्या मालकाच्या हाती आलेला होता. ऑगस्ट १९९५ मध्ये आलेल्या ‘विंडोज ९५’ ने ही सोय आणखी सोपी केली. एक छोटी नमुन्याची खिडकी दाखवायची, तिच्या ज्या भागावर माऊसने टिचकी माराल त्याचा रंग निवडायचा. त्याच यादीत, ज्यांची दृष्टी अधू आहे त्यांच्यासाठी ठळक फरकाच्या म्हणजे ‘हाय कॉन्ट्रास्ट’च्या रंगसंगतीही होत्या.

२०१२ च्या ‘विंडोज ८’ मध्ये ती तपशीलवार खिडकी काढून टाकण्यात आली. ठळक फरकाची सोय तेवढी राहिली. मग काही वर्षांनी वारे फिरले. २०१८ साली ॲपलच्या संगणकात आणि २०१९ साली अँड्रॉइड १० व आयफोनमध्ये सर्वत्र लागू होणारा ‘डार्क मोड’ आला आणि काल ज्याला चाळा म्हणत ती आज जाहिरातीची बाब झाली. पण ‘काळे हवे की पांढरे’ एवढेच विचारणे वेगळे आणि ‘तुमच्या डोळ्यांना काय हवे’ असे विचारणे वेगळे. वाढप्याने ‘भात की पोळी’ एवढेच विचारावे आणि पथ्यावर असलेल्या माणसाने उपाशी उठावे, तसे इथे होते.

अर्धी आज्ञा पाळणारा नोकर

अक्षरे गायब होण्याचे मर्म समजायला संगणकतज्ज्ञ असण्याची गरज नाही. संगणकाची मूळ प्रणाली रंगांची एक यादी जवळ बाळगते. खिडकीची पार्श्वभूमी अमुक, खिडकीतली अक्षरे तमुक. बटण असे, बटणावरची अक्षरे तशी. निवडलेली ओळ या रंगाची, तिच्यावरची अक्षरे त्या रंगाची. नीट पाहिले तर ही यादी सुट्या रंगांची नाही, जोड्यांची आहे. अक्षराचा रंग एकटा कधीच नांदत नाही. तो कशावर तरी उमटतो. आपण सेटिंगमध्ये रंग बदलतो तेव्हा ही यादी बदलते. प्रत्येक प्रोग्रामने पडद्यावर काही काढण्यापूर्वी या यादीला विचारावे आणि त्याप्रमाणे रंग वापरावेत, असा संकेत आहे.

आता प्रोग्राम लिहिणारा जो तरुण असतो, त्याच्या स्वतःच्या संगणकावर पार्श्वभूमी पांढरी असते. एखाद्या तक्त्यातली अक्षरे काळी असावीत म्हणून तो सरळ ‘काळा’ असे लिहून टाकतो. पार्श्वभूमीबद्दल तो काहीच लिहीत नाही, कारण ती पांढरीच असणार हे त्याने गृहीत धरलेले असते. त्याच्याकडे सगळे उत्तम दिसते. त्याच्या साहेबाकडेही उत्तम दिसते. तो प्रोग्राम आपल्याकडे येतो. पार्श्वभूमी आपल्या यादीतून घेतली जाते, म्हणजे काळी. अक्षरे त्याच्या पदरची, म्हणजे तीही काळी. मालकाने ‘पांढरी चादर काढ आणि काळी घाल, उशीचा अभ्राही बदल’ म्हणावे आणि नोकराने चादर तेवढी बदलून निघून जावे, असा हा प्रकार आहे. नोकराने काहीच ऐकले नसते तरी एक वेळ चालले असते; पांढऱ्यावर काळे निदान वाचता आले असते. अर्धे ऐकणे हे अजिबात न ऐकण्यापेक्षा घातक.

या दोषाची खोड अशी की तो करणाऱ्याला कधीच दिसत नाही. फक्त सोसणाऱ्याला दिसतो.

यात आणखीही काही संशयित आहेत. बटणांवरची छोटी चित्रे काळ्या रेघांची आणि पारदर्शक पार्श्वभूमीची असतात. पार्श्वभूमी गडद झाली की ती बुडतात. सध्या वापरता न येणारी बटणे फिकट राखाडी दाखवण्याची रीत आहे. करड्या पार्श्वभूमीवर ती पूर्ण विरघळतात. काही प्रोग्राम तर मूळ प्रणालीच्या यादीकडे ढुंकूनही पाहत नाहीत. त्यांची रंगांची चूल वेगळी असते, त्यामुळे रंग दोन ठिकाणी बदलावे लागतात. लिनक्स वापरणाऱ्यांना हे चांगले ठाऊक आहे. तिथे खिडक्या रंगवणारी ‘जीटीके’ आणि ‘क्यूटी’ अशी दोन मोठी घराणी आहेत आणि एकाची रंगसंगती दुसऱ्याला आपोआप लागू होत नाही. शिवाय नवी आवृत्ती आली की खिडकीत नवे भाग येतात, जुन्या रंगसंगतीला त्यांची ओळख नसते आणि नव्या-जुन्याची ठिगळे दिसू लागतात.

दिसेल, पण कुणाला?

‘‘एवढा खटाटोप हवा कशाला? कंपनीने दिलेले रंग ठेवावेत की!’’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी एक प्रसंग सांगतो.

एका पतसंस्थेत हिशेबाचे काम करणाऱ्या बाई माझ्या ओळखीच्या आहेत. मधुमेहाने त्यांच्या डोळ्यांच्या आतल्या पडद्याला इजा झाली. पांढऱ्याशुभ्र पडद्याकडे पाहिले की समोर दिवा धरल्यासारखे होऊन त्यांना काही वाचता येत नाही. काळ्यावर फिकट पिवळी, मोठी अक्षरे असली तर त्या दिवसभर काम करतात आणि त्यांच्या हिशेबात पै-पैशाची चूक नसते. असे त्यांचे वर्षानुवर्षे चाललेले होते. मग संस्थेच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आणि दुसऱ्या दिवशी जमा-नावेचा तक्ता कोरा दिसू लागला. मदतीसाठी फोन केला तेव्हा पलीकडचा मुलगा अगदी अदबीने म्हणाला, ‘‘मॅडम, रंग पहिल्यासारखे करा, सगळं दिसेल.’’

बाई म्हणाल्या, ‘‘तुम्हाला दिसेल हो. मला?’’

या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर नव्हते. तो बिचारा पाठ केलेले वाक्य म्हणत होता. पण इकडे कचेरीत कुजबूज सुरू झाली होती. ‘बाईंना आता झेपत नाही, त्यांना दुसरीकडे हलवावं,’ असे बोलणे त्यांच्या कानावर येऊ लागले. मुदत ठेवींचे व्याज तोंडपाठ असणाऱ्या बाईंची नोकरी, कुणीतरी एका ओळीत ‘काळा’ लिहिल्यामुळे, टांगणीला लागली होती. रंगाचा प्रश्न हौसेचा नाही असे मी म्हणतो ते यासाठी.

बाईंचे डोळे अपवाद म्हणून सोडून देता येत नाहीत. मिनेसोटा विद्यापीठात गॉर्डन लेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले होते की, मोतीबिंदूसारख्या कारणाने ज्यांच्या डोळ्यात धूसरपणा आलेला असतो, त्यांना गडद पार्श्वभूमीवरची उजळ अक्षरे अधिक चांगली वाचता येतात. उलट चांगली दृष्टी असणाऱ्यांना बहुधा पांढऱ्यावर काळे वाचणेच सोपे जाते. म्हणजे डार्क मोड हे सर्वांसाठी औषध नव्हे आणि पांढरा पडदा हेही सर्वांसाठी नव्हे. ज्याचे डोळे त्याचा रंग. आणि मोतीबिंदू काय, साठीनंतर पुष्कळ घरांचा उंबरठा तो ओलांडतोच.

चोर पकडण्याची रीत

बाईंच्या संगणकासमोर बसून आम्ही जी रीत वापरली, ती कोणालाही वापरता येईल. ती क्रमाने सांगतो.

सर्वांत आधी अक्षरे खरोखर आहेत की नाहीत ते पाहावे. कोऱ्या जागेत एकदा टिचकी मारून कंट्रोल आणि ‘ए’ ही कळ एकत्र दाबावी. यामुळे सर्व मजकूर निवडला जातो आणि निवडलेल्या मजकुराला रंगांची वेगळी जोडी मिळते. लपलेली अक्षरे पटकन वर आली तर माहिती सुरक्षित आहे, दोष रंगाचा आहे. (यानंतर चुकूनही डिलीटच्या कळीला हात लावू नये, हे सांगायला हवेच.)

मग दुसरा एखादा प्रोग्राम उघडून पाहावा. सगळीकडे तेच होत असेल तर आपण निवडलेल्या रंगांतच एखादी जोडी जुळत नाही. एकाच प्रोग्राममध्ये होत असेल तर दोष त्या प्रोग्रामचा. खात्री करण्यासाठी घटकाभर मूळ रंगसंगतीवर जाऊन यावे. विंडोजवर यासाठी डावीकडची ऑल्ट, डावीकडची शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन या तीन कळा एकत्र दाबल्या की ठळक फरकाची रंगसंगती चालू होते आणि पुन्हा दाबल्या की बंद होते.

पडद्यावर काही दिसेनासे झाले की त्याचे चित्र, म्हणजे स्क्रीनशॉट, काढून दुसऱ्याच्या फोनवर पाठवून पाहावे. तिथे रंग ठीक दिसत असतील तर दोष रंगसंगतीचा नसून आपल्या मॉनिटरचा किंवा रात्रीसाठी लावलेल्या पिवळसर प्रकाशाच्या सोयीचा असू शकतो. तो पिवळेपणा स्क्रीनशॉटमध्ये उतरत नाही.

खरी गंमत यापुढे आहे. कोणत्या सेटिंगचा ताबा कोणत्या भागावर आहे हे नावांवरून कळत नाही. त्यासाठी जुनी युक्ती अशी की एका वेळी एकच रंग बदलायचा आणि तो असा भडक निवडायचा की नजर चुकवूच शकणार नाही. गुलाबी, समजा. मग पडद्यावर कुठे कुठे गुलाबी उमटले ते पाहायचे, वहीत टिपायचे, आणि तो रंग परत जागेवर ठेवून पुढच्याकडे वळायचे. विहिरीतले पाणी कुठल्या शेतात निघते ते पाहण्यासाठी पाण्यात रंग सोडतात, तसेच हे. एकदम चार रंग बदलणारा माणूस हमखास गोंधळतो. एकेक बदलणारा अर्ध्या तासात मोकळा होतो.

बाईंच्या तक्त्याला आम्ही हे केले तेव्हा पार्श्वभूमी गुलाबी झाली; अक्षरांचा रंग मात्र काही केल्या हलेना. म्हणजे अक्षरांचा काळा रंग प्रोग्राममध्येच पक्का बसवलेला होता. चोर सापडला.

चोर सापडला तरी दुरुस्ती कंपनीच्या हाती होती. तोवर काम कसे चालायचे? यासाठी विंडोजमध्येच एक पळवाट आहे आणि ती फार थोड्यांना माहीत आहे. रंग मूळचे पांढरे-काळे करावेत, मग विंडोजची कळ आणि अधिकचे चिन्ह दाबून ‘मॅग्निफायर’ नावाचे भिंग सुरू करावे आणि कंट्रोल, ऑल्ट व ‘आय’ या कळा एकत्र दाबाव्यात. सगळा पडदा उलटा होतो. पांढऱ्याचे काळे, काळ्याचे पांढरे. हा बदल सगळे चित्र काढून झाल्यावर वरून केला जातो, त्यामुळे कोणत्याही प्रोग्रामला विचारावे लागत नाही आणि कोणाला अर्धे ऐकण्याची संधीच मिळत नाही. छायाचित्रे मात्र निगेटिव्हसारखी दिसतात आणि माणसांचे चेहरे भुतासारखे. हिशेबाच्या कामात त्याने काही अडत नाही. विंडोजची कळ आणि एस्केप दाबले की भिंग बंद.

बाईंनी दोन महिने असे काम केले. दरम्यान आम्ही कंपनीला पत्र लिहिले. ‘तुमचा प्रोग्राम चालत नाही’ असे मोघम न लिहिता आवृत्तीचा क्रमांक, कोणत्या खिडकीतला कोणता तक्ता, आपण लावलेले रंग आणि दोन स्क्रीनशॉट असा पुरावा जोडला. पुढच्या आवृत्तीत दोष गेला. दुरुस्ती एवढीशी होती; सांगणारे कुणी नव्हते, एवढेच.

डोळ्याचे गणित

आपण निवडलेली जोडीच चुकीची असेल तर? त्यासाठीही अंदाजपंचे जाण्याची गरज नाही. दोन रंगांतल्या उजळपणाच्या फरकाला मोजमाप आहे. एकच रंग एकावर एक असेल तर ते १ आणि पांढऱ्यावर काळे असेल तर २१. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत म्हणून २००८ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार नेहमीच्या आकाराच्या मजकुराला हे प्रमाण किमान ४.५ असावे आणि मोठ्या अक्षरांना किमान ३. नियम संकेतस्थळांसाठी असले तरी डोळा सगळीकडे तोच असतो, म्हणून इतरत्रही तेच माप वापरतात. ते काढून देणारी साधने फुकट मिळतात.

या मोजमापात गमती आहेत. मानवी डोळ्याला हिरव्याचा उजेड सर्वाधिक जाणवतो, लालचा त्याहून पुष्कळ कमी आणि निळ्याचा सर्वांत कमी. गणितात त्यांचे वाटे साधारण ७२, २१ आणि ७ टक्के असे धरतात. त्यामुळे पांढऱ्यावर शुद्ध पिवळे लिहिले तर प्रमाण जेमतेम १.०७ येते, म्हणजे लिहिले काय आणि न लिहिले काय, सारखेच. तेच पिवळे काळ्यावर १९.६ पर्यंत जाते. शुद्ध निळे पांढऱ्यावर ८.६ आणि काळ्यावर अवघे २.४. म्हणून पांढऱ्या पडद्यावर छान दिसणारे निळे दुवे पार्श्वभूमी काळी होताच विहिरीत पडल्यासारखे होतात. पार्श्वभूमी बदलली की अक्षरांचे सगळेच रंग पुन्हा तपासावे लागतात ते यामुळे.

दुसरी अडचण लाल-हिरव्याची. हे दोन रंग वेगळे ओळखू न येणारे लोक आपल्या आसपास असतात आणि पुष्कळदा त्यांचे त्यांनाही ठाऊक नसते. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांनी १७९४ साली स्वतःच्याच डोळ्यांतल्या या उणिवेवर निबंध वाचला होता. युरोपीय वंशाच्या पुरुषांत दर बारांमागे साधारण एकाला ही अडचण असते. स्त्रियांत ती फार कमी. तेव्हा जमा हिरव्यात आणि नावे लालमध्ये दाखवून गप्प बसणारा प्रोग्राम काही लोकांना दोन्ही सारखेच दाखवत असतो. आपल्या जुन्या वहीखात्यात जमेची बाजू वेगळी आणि नावेची वेगळी असे. तिथे रंगाचा काही संबंधच नव्हता आणि म्हणून घोटाळाही नव्हता. रंग शोभेला आणि मदतीला असावा. अर्थ सांगण्याची सगळी जबाबदारी एकट्या त्याच्यावर टाकू नये.

आणि आपल्या मराठीचे तर आणखीच नाजूक आहे. इंग्रजी अक्षर थोडे पुसट झाले तरी शब्द ओळखू येतो. देवनागरीत एका टिंबाने अर्थ बदलतो. रंगातला अनुस्वार दिसला नाही तर नुसती रग उरते. शिरोरेघेवरच्या मात्रा, वेलांट्या, रफार, खालचे उकार हे सगळे बारीक अवयव फिकट रंगात सर्वांत आधी नाहीसे होतात. त्यामुळे इंग्रजीला चालणारा करडा रंग मराठीला चालेलच असे नाही. मराठीतून मेनू देणाऱ्यांनी तो एकदा साठीच्या माणसाला वाचायला देऊन पाहावा.

दोन्ही पाळा, नाहीतर एकही नको

प्रोग्राम लिहिणाऱ्यांचीही एक बाजू आहे आणि ती ऐकली पाहिजे. २०१९ साली लिनक्सवरच्या ‘ग्नोम’ या व्यवस्थेसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्या काही मंडळींनी एक खुले पत्र काढले. आमच्या प्रोग्रामना परस्पर तुमच्या रंगसंगती चढवून लोकांना वाटू नका, त्यामुळे खिडक्या मोडतात आणि बोल आम्हाला लागतो, असे त्यांचे म्हणणे. त्यांचा रोख अशा रंगसंगती सरसकट बसवून प्रणाली वाटणाऱ्यांवर होता. स्वतःच्या संगणकावर स्वतः रंग बदलून पाहणाऱ्यांवर नव्हता, हेही त्यांनी स्पष्ट केले होते. म्हणणे रास्त आहे. प्रत्येक रंगात प्रत्येक खिडकी तपासणे कुणालाच शक्य नाही. पण मी प्रत्येक रंगाची मागणी करतच नाही. माझी मागणी जोडीची आहे. अक्षराचा रंग वापरणाऱ्याकडून घेतलात तर पार्श्वभूमीचाही त्याच्याचकडून घ्या. एक स्वतःचा वापरलात तर दुसराही स्वतःचाच वापरा. आणि नवी आवृत्ती बाहेर काढण्यापूर्वी त्या तीन कळा दाबून, ठळक फरकात प्रत्येक खिडकी एकदा उघडून पाहा. या कामाला एक दुपार पुरते.

ही दया मागण्याची गोष्ट राहिलेली नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात अल्पदृष्टीची स्वतंत्र नोंद आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲसिड हल्ल्याने जायबंदी झालेल्या आणि अंध व्यक्तींच्या याचिकांवर निकाल देताना, डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. तो खटला बँका व इतर सेवांसाठी लागणाऱ्या ग्राहक-ओळखीच्या प्रक्रियेविषयी होता. पण जो न्याय खिडकीबाहेरच्या ग्राहकाला, तोच खिडकीच्या आत बसलेल्या कर्मचाऱ्याला का नसावा? बँका, पतसंस्था, शाळा, नगरपालिका सॉफ्टवेअर विकत घेतात तेव्हा किंमत पाहतात, दुरुस्तीचा करार पाहतात. त्यात एक ओळ वाढवावी: वापरणाऱ्याने ठरवलेले रंग हा प्रोग्राम पूर्णपणे पाळतो आणि नव्या आवृत्तीत ते पुसत नाही. पैसे देणाऱ्याने ही अट घातली की विकणारा ती पाळतो. फुकटच्या विनंतीला पाळेलच असे नाही.

आज रविवार आहे. घरात कुणी वडीलधारे पडद्याला नाक लावून वाचत असतील, तर चष्म्याचा नंबर वाढला असे म्हणून सोडून देऊ नका. पाच मिनिटे शेजारी बसा आणि ‘‘तुम्हाला यात काय दिसतंय?’’ असे विचारा. दोन-तीन रंगांच्या जोड्या लावून दाखवा आणि जी त्यांच्या डोळ्यांना रुचेल ती ठेवा, तुम्हाला ती कितीही विचित्र वाटो. उद्या त्या रंगात एखाद्या प्रोग्रामची अक्षरे गायब झाली, तर त्यांना दोष न देता तो प्रोग्राम करणाऱ्याला पत्र लिहा.